नाक खाली येतं तेव्हा

स्पॉल्डिंगच्या पूर्वेला जमीन पोळपाटासारखी.
कोबीची शेतं, फूटपट्टीने आखलेले पाण्याचे चर,
आणि गवताचा एक लांब तुकडा
ज्याला इथले लोक न हसता धावपट्टी म्हणतात.

सेस्ना माझ्याहून चार वर्षांनी लहान.
दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही.
उजव्या सीटवर विल्फ कॉडलिंग.
बावीस वर्षं बटाट्यांवर औषध फवारलं त्याने,
आता आमच्यासारख्यांना शिकवतो.
बोलतो कमी. बोललाच तर थर्मासबद्दल.

दोन हजार फुटांवर म्हणाला, "हात सोड."
कुठला?
"दोन्ही."

मांडीवर ठेवले, तोंडी परीक्षेला बसल्यासारखे.
मग त्याने थ्रॉटल आत ढकलला. बाकी काही नाही.
मला वाटलं, आता सुसाट.
पण कुणी हनुवटीखाली बोट घालावं
तसं नाक वर आलं
आणि वेगाचा काटा चक्क मागे सरकला.
चढलं, जरा जास्तच चढलं,
ओशाळून खाली, पुन्हा थोडं वर,
झोका मरत मरत थांबला.
काटा परत नव्वदवर. आम्ही मात्र चढतच होतो.
"वेग इंजिन ठरवत नाही," विल्फ म्हणाला,
आणि गुडघ्याजवळच्या ट्रिमच्या चाकाकडे मान उडवली.
काळं, दातेरी, मुरमुऱ्याच्या लाडवाएवढं.

मग थ्रॉटल बाहेर.
नाक खाली.
माझे हात मला न विचारता पुढे गेले,
मी ओढलं, ओढून धरलं.
क्षितिज जागच्या जागी. मी खूश.
पंचाहत्तर. पासष्ट. पंचावन्न.
पंखातली पिपाणी रडायला लागली.
"सोड. पडत नाहीये ते,
आपला वेग राखतंय."

हे वाक्य मी घरी नेलं नव्हतं.
ते आपणहून गाडीत येऊन बसलं.

अच्युतचं शीतगृह मार्चमध्ये बंद झालं.
एकतीस वर्षं कॉम्प्रेसरच्या आवाजात राहिलेला माणूस
आता काचेच्या खोलीत, टोमॅटोच्या रोपांशेजारी,
दुपारी अडीचलाही पायजम्यात.
आणि मी ओढतेय.
चल फिरायला, चल लेस्टरला, मंडळाची मीटिंग आहे,
निदान दाढी तरी कर,
मनगट दुखेपर्यंत, रोज,
लोकांना आमचं क्षितिज सरळ दिसावं म्हणून.
आमच्या घरात पिपाणी नाही.

गेल्या शनिवारी उतरताना
फ्लॅप खाली, पॉवर कमी, चाक मागे फिरवून बसवलेलं,
सगळं विमान दोन बोटांत.
आणि गवतावर, बरोब्बर मधोमध, एक रानससा,
टपालाची वाट बघत असावा असा निवांत.

थ्रॉटल पूर्ण आत.
दोन बोटांतलं ते विमान एकदम अंगावर आलं.
समोर नुसतं आभाळ.
चाक अजून उतरण्याच्याच गोष्टी करत होतं
आणि इंजिन मध्येच दुसरं काही ओरडायला लागलं होतं.
डावा कोपर ताठ, उजवा पाय रडरवर,
ढकल, ढकल, मग उजव्या हाताने चाक पुढे,
आणखी पुढे,
भार हातातून निघून जाईपर्यंत.
विल्फने थर्मास तेवढा धरून ठेवला होता.
ससा, तो म्हणतो, हललासुद्धा नाही.

संध्याकाळी अच्युत म्हणाला,
मागच्या दाराची बिजागरी कुरकुरते.
मी म्हटलं, हं.
मग दुरुस्त कर ना, असं जिभेवर आलेलं
तिथेच राहू दिलं.
हात मांडीवर.
बाहेर अंधार पडला. तो बसूनच होता.
बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरातला तो अडकणारा ड्रॉवर
कुणीतरी उघडत होतं,
अर्धा उघडला,
परत लावला,
परत उघडला.